दिवा पेटला, पार्ट कुठला बदलायचा?

बदलापूर पश्चिमेच्या सोनिवली भागात घरची चारचाकी आठवडाभर फारशी धावत नाही. माणसं कामाला लोकलने जातात. गाडी सकाळी स्टेशनपर्यंत जाते, संध्याकाळी बाजारापर्यंत, आणि रविवारी कर्जतला नाहीतर मुरबाडला. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, पावसाळ्यात गाडी उघड्यावर भिजते, उंदीर बॉनेटमध्ये शिरतात. अशी दहा-बारा वर्षं गेली की मीटरमध्ये एक दिवस इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो आणि पेटलेलाच राहतो.

त्या दिव्याचं करायचं काय, यावर दोन पक्ष आहेत. मी ते इथे समोरासमोर बसवले आहेत. मामाचं रस्त्यालगत छोटं गॅरेज, कार्ब्युरेटरच्या काळापासूनचं. भाची ऑटोमोबाईलची पदविका घेऊन कल्याणच्या बाजूला सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी स्कॅनर घेऊन मामाकडे येते. दोघं माझ्या मनातली आहेत, पण त्यांचं भांडण खरं आहे आणि त्याचा खर्च गाडीच्या मालकाच्या खिशातून जातो. समोर उभी आहे २०१४ ची छोटी पेट्रोल गाडी, मागाहून सीएनजी किट बसवलेली. तक्रार अशी: दिवा पेटलाय, सिग्नलला थांबलं की इंजिन थरथरतं, आणि सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो.

भाची : पी०१७१. मिश्रण पातळ. हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय असं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक म्हणतोय.

मामा : म्हणत असेल. तुझ्यासारख्याच एका मशीनवाल्याने याच गाडीत हाच आकडा वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला. बॅटरीची वायर काढून कोड पुसला. थोडे दिवस दिवा विझला, मग परत आला. पोरी, तो सेन्सर बिचारा खरंच सांगत होता.

भाची : तक्रार नोंदवणाऱ्यालाच पकडून आत टाकलं म्हणायचं. पण यात मशीनचा काय दोष, मामा? कोड नीट वाचा ना. पहिलं अक्षर पी, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना समान. मग एक, म्हणजे इंधन आणि हवेचं मोजमाप. शेवटचे दोन आकडे म्हणजे नेमकी तक्रार. यात ‘सेन्सर बदला’ असं कुठे लिहिलंय?

मामा : मग तुमची माणसं बदलतात कशाला?

भाची : ते सांगते, पण शेवटी. आधी गाडीचं बघू.

मामा : आधी मालकाला विचार. दिवा गॅसवर पेटतो की पेट्रोलवर? गार असताना की तापल्यावर? पाऊस पडून गेल्यावर वाढतं का? तुम्ही लोक गाडी आली की थेट डॅशबोर्डखाली हात घालून केबल जोडता. मी बॉनेट उघडायच्या आधी माणसाशी बोलतो.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे मामाच्या बाजूने आहे. सीएनजीवरच्या गाडीत तर हा पहिला प्रश्न चुकला की पुढचं सगळं चुकतं. किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर गॅसवर धावताना मिश्रण पातळ होतं आणि ठपका पेट्रोलच्या यंत्रणेवर येतो. गाडी पेट्रोलवर टाकून थोडी चालवली आणि तक्रार नाहीशी झाली, तर पेट्रोलचे इंजेक्टर, फिल्टर यांना हात लावायचं कारणच उरत नाही. इथे पेट्रोलवर टाकल्यावरही थरथर गेली नाही.

मामा : मग हवा कुठून तरी चोरून आत जातेय. थ्रॉटलच्या पुढे रबराच्या नळ्या आहेत, त्या कडक होऊन तडकतात. शिवाय किटवाल्याने गॅसच्या नोझलसाठी मॅनिफोल्डला भोकं पाडलीत, त्यातलं एखादं सैल झालं असेल. इंजिन स्लोवर ठेवायचं आणि सांध्यासांध्यावर कार्ब क्लीनर थोडा थोडा मारायचा. जिथे मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलेल, तिथे भोक. सायलेन्सरचा तापलेला भाग मात्र टाळायचा, नाहीतर भडका उडेल.

भाची : बरोबर. पण हवाच चोरून जातेय आणि पेट्रोल कमी पडत नाहीये, हे तुम्हाला कसं कळलं? पंप अशक्त असला, फिल्टर चोंदला, तरी हाच कोड येतो.

मामा : अनुभवाने.

भाची : मी आकड्याने सांगते. ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. निरोगी इंजिनात तो शून्याच्या आसपास हलतो. पाच-सात टक्के इकडेतिकडे असले तरी चालतं. वीस-पंचवीसच्या वर जाऊन तिथेच राहिला की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो. आता बघा, स्लोवर ट्रिम अधिक २४. जरा रेस द्या, २५०० आरपीएमला धरून ठेवा. किती आला?

मामा : सहा.

भाची : म्हणजे हवा चोरून जातेय. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमधली ओढ जोरदार असते, म्हणून त्या फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा पडतो. रेस दिली की पुढच्या दाराने इतकी हवा येते की फटीचा वाटा नगण्य होतो. उलट झालं असतं, म्हणजे स्लोवर ठीक आणि जोर लावल्यावर ट्रिम चढला असता, तर मी फटी शोधल्याच नसत्या. पेट्रोलचा दाब मोजला असता.

मामा : हे कामाचं आहे. म्हणजे कुठल्या बाजूला शोधायचं ते कळलं. नळी मात्र मलाच सापडणार.

भाची : ती तुम्हालाच सापडणार. आणि ऑक्सिजन सेन्सर खराब आहे की नाही, तेही आत्ताच कळेल. तुम्ही क्लीनर मारता तेव्हा मी व्होल्टेज बघते. साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होत राहतं. पातळ मिश्रणाला खाली, दाट मिश्रणाला वर. क्लीनर आत गेल्याबरोबर ते ०.१ वरून ०.९ वर उडी मारेल. मारली, तर सेन्सर जिवंत आहे.

आणि तसंच झालं असतं, कारण नव्या सेन्सरला झालं काहीच नव्हतं. जुन्यालाही बहुधा झालं नसावं. ही परीक्षा काही मिनिटांची आणि जवळजवळ फुकट आहे. ती न करता सेन्सर विकणाऱ्याला मी मिस्त्री म्हणणार नाही, मग त्याच्या हातात कितीही महागडा स्कॅनर असो.

मामा : मला कुणी अडाणी समजू नये म्हणून सांगतो, मीही कोड वाचलेत. तुझं शिक्षण व्हायच्या आधी. सुरुवातीच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांना स्कॅनर लागायचा नाही. काहींमध्ये डायग्नोसिसच्या कपलरातल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की दिवाच लुकलुकून आकडा सांगायचा. एक लुकलुक, जरा थांबून दोन, बारा. बारा म्हणजे सगळं ठीक.

भाची : म्हणजे तुम्हाला आकड्यांचा राग नाही.

मामा : आकड्यावर विसंबून माणसाने हात गुंडाळून ठेवले, त्याचा राग आहे.

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एकच सोळा पिनांचं सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ बरोबर २०१० मध्ये ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या या व्यवस्थेची पहिली पायरी आली आणि २०१३ मध्ये दुसरी. त्यामुळे २०१४ ची गाडी हजाराच्या आत मिळणाऱ्या ब्लूटूथच्या डबीशीसुद्धा बऱ्यापैकी बोलते. त्याआधीच्या पुष्कळ गाड्या फक्त आपल्या कंपनीच्या यंत्राशीच मोकळेपणाने बोलतात.

भाची : आता मी विचारते. गाडी इतका वेळ चालू आहे, आपण रेसही दिली, तरी कूलंटचं तापमान ६२ अंशांवर आहे. ८५-९० च्या घरात असायला हवं होतं. थर्मोस्टॅट कुठाय, मामा?

मामा : काढला.

भाची : कुणी?

मामा : मीच. मे महिन्यात बदलापूर-कल्याण रस्त्याला ट्रॅफिकमध्ये गाडी गरम व्हायची. तो थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह काढला, तेव्हापासून एकदाही गरम झाली नाही.

भाची : गरम का होत होती?

मामा : रेडिएटर अर्धा चोंदलेला होता. मालकाला सांगितलं होतं. त्याच्याकडे तेव्हा पैसे नव्हते.

भाची : म्हणून दुखणं रेडिएटरमध्ये ठेवून शिक्षा इंजिनाला. ही गाडी स्टेशनपर्यंत जाऊन येते, तेवढ्यात तसंही इंजिन पुरतं तापत नाही. थर्मोस्टॅट नसल्यावर ते कधीच तापणार नाही. इंजिन गारच आहे असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. आतला दमटपणा उडून जात नाही. ऑइलच्या झाकणाखाली हे पांढरट लोणी जमलंय, बघा. मालक म्हणतो मायलेज पडलं. पडणारच.

मामा : ते लोणी बघून मी हेडगॅस्केट गेलं की काय म्हणून तपासलं होतं. पाणी कमी होत नाही, बुडबुडे येत नाहीत. हेडगॅस्केट शाबूत आहे.

भाची : ते छान केलंत. पण मग कारणही शोधायला हवं होतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत वॉल्व्ह काढून निभावून जायचं, कारण तिथे तापमान विचारणारं कुणी नव्हतं. इथे विचारणारा बसलाय.

मामा काही वेळ बोलला नाही, आणि त्याने बोलूही नये. आपल्या भागात थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय म्हणून इतका रुळलाय की ‘तो आपल्या हवेला लागतच नाही’ असं सांगणारे भेटतात. हवा बाहेरची असते. इंजिनाला आतलं तापमान हवं असतं, आणि ते उल्हास नदीकाठी आणि हिमालयात सारखंच हवं असतं. मिस्त्रीची अडचण मला समजते. मालकाला आज घरी जायचंय आणि रेडिएटरला पैसे नाहीत. पण मग चिठ्ठीवर ‘वॉल्व्ह काढला आहे, रेडिएटर साफ केल्यावर परत बसवायचा’ एवढं तरी लिहावं. पुढच्या मिस्त्रीचे तास वाचतात.

मामा : बरं, तुझ्या मशीनला एक विचारतो. २६ जुलै २००५ ला इथे पाणी आलं, २७ जुलै २०१९ ला आलं. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, तेव्हा इकडे पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. नंतर त्या गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्या. अशी एक गाडी आली की तुझं मशीन पाच-पाच कोड दाखवतं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग पाच सेन्सर बदलायचे?

भाची : एकही नाही. पाच जण एकदम आजारी पडत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघायचं. बऱ्याच सेन्सरना ईसीयूकडून एकाच लाइनीवर ५ व्होल्ट जातात. एका सेन्सरची वायर कुठे बॉडीला टेकली की सगळे खोटं बोलायला लागतात. एकेक कपलर काढत जायचं. ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार.

मामा : आणि त्याच्याही आधी अर्थिंग. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या पट्ट्या. पाण्यातून निघालेल्या गाडीत नटाखाली हिरवा गंज चढतो. वरून दिसत नाही, नट उघडून घासावा लागतो. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं की पट्टी बाद.

भाची : आणि बॅटरीच कमजोर असली तरी वाट्टेल ते कोड येतात. उभी असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. स्टेशनपुरत्या धावणाऱ्या गाडीची बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. त्यामुळे मी कोड वाचायच्या आधी व्होल्टेज वाचते.

मामा : मी उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघतो. यावर तरी आपलं एकमत झालं.

सकाळी लांबलेल्या सेल्फचं कारण त्यांना टाकीत सापडलं. सीएनजीवाले पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवतात. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच गार राहतो. पेट्रोल कमी असलं की तो गरम होतो, आणि काही किटमध्ये गाडी गॅसवर धावत असतानाही तो फिरतच राहतो. गाडी रोज सुरू होते पेट्रोलवर आणि मग गॅसवर जाते, म्हणून पंप म्हातारा झाला की पहिली खूण सकाळीच दिसते. गेज लावलं तर दाब उशिरा चढत होता. टाकी निदान पाव भरलेली ठेवली तर पंपाची ही वेळ पुष्कळ पुढे ढकलता येते. गॅस स्वस्त म्हणून वाचवलेले पैसे एका पंपात जाऊ नयेत.

मामा : मी म्हणतो हे सगळं त्या इथेनॉलने झालंय. पेट्रोलमध्ये ते वीस टक्के घातलं तेव्हापासून जुन्या गाड्या बिघडायला लागल्या.

भाची : सगळं नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. दहा टक्क्यांच्या मिश्रणाला एका भागाला साधारण १४.१ भाग हवा, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १३.५. हा फरक चार-पाच टक्क्यांचा. तो ट्रिममध्ये दिसेल, पण २४ होणार नाही. रबराचं म्हणाल तर ते खरं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनेच सांगितलं की काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आपण आत्ताच वाकवून बघू.

दोघांचं अजिबात पटलं नाही ते एका गोष्टीवर. मामाच्या मते मालकाने स्वतः ती ब्लूटूथची डबी घेऊच नये. आकडा बघून तो घाबरतो, कुठेतरी वाचून पार्ट मागवतो आणि मिस्त्रीला हुकूम सोडतो. भाचीच्या मते घ्यावी, कारण कोड नोंदवला जातो त्या क्षणाची नोंद ईसीयू जपून ठेवतो: वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, भार किती होता. कुणीतरी बॅटरीची वायर काढली की ती सगळी जाते. मालकाने आधी फोटो काढून ठेवला तर ती वाचते. मला भाचीचं म्हणणं पटतं, एवढीच भर घालून की मालकाने डबीपेक्षा आधी दिव्यांचे रंग शिकावेत. लाल ऑइलचा दिवा चालत्या गाडीत पेटला तर पुढच्या चौकाची वाट बघायची नाही, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. तो दिवा ऑइलचा दाब कोसळल्याचं सांगतो, आणि दाबाशिवाय बेअरिंग फार तग धरत नाहीत. लाल तापमानाचा दिवा पेटला तरी तसंच, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पिवळा इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी. तोच लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. त्यातली चिनी मातीची जाळी वितळली की खर्च प्लग-कॉइलच्या कितीतरी पट होतो. आणि जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवून, सेल्फ न मारता, मीटर बघावं. सगळे दिवे क्षणभर पेटलेच पाहिजेत. इंजिनाचा दिवा पेटलाच नाही, तर कुणीतरी तो काढून ठेवलाय आणि त्याला कारण आहे.

तोवर मामाने भोक शोधलं होतं. किटच्या एका नोझलच्या बुडाशी रबरी नळी तडकलेली. बदलल्यावर थरथर थांबली, आणि स्लोवरचा ट्रिम अधिक ३ वर येऊन स्थिरावला.

मामा : आता सांग. तुमची माणसं सेन्सर का बदलतात?

भाची : कारण शोधण्याचे पैसे कुणी देत नाही. तासभर हुडकून वीतभर नळी सापडली, तर नळीचे पैसे घेता येतात. तासाचे मागितले की काउंटरवर भांडण. सेन्सर बदलला की मोठं बिल होतं, त्यात मजुरी बसते, आणि गिऱ्हाईक पावती घेऊन निमूट जातं.

मामा : माझंही तेच आहे. या नळीचे मी नळीचेच पैसे घेणार होतो.

भाची : म्हणजे तुम्ही डोकं फुकट देताय. तुमच्याकडे शिकलेली पोरं पुढे स्वतःचं गॅरेज काढतील, त्यांना भाडं आहे, घर आहे. ती पार्टच विकणार. पावतीवर वेगळी ओळ लिहा: तपासणी, काय मोजलं, काय सापडलं, इतके रुपये. काही सापडलं नाही, तरी लिहा.

मामा : मालक म्हणेल, काही बदललंच नाही तर पैसे कसले?

भाची : त्याला ट्रिमचे दोन फोटो दाखवा. आधी २४, नंतर ३. आणि नको असलेल्या सेन्सरची त्याची जुनी पावती बाजूला ठेवा.

मामा : दोनशे लिहितो.

भाची : पाचशे.

मामा : तीनशे. आणि थर्मोस्टॅट मी माझ्या खर्चाने बसवतो, पण रेडिएटर साफ करून घेणार असेल तरच. ते त्याला तू सांग.